रेस्क्यू इमेज लहान आहे, पण ती सुरू कोण करणार?

लिनक्स बोर्डची मुख्य सिस्टम बिघडली की दुरुस्तीसाठी चालवायची छोटी सिस्टम म्हणजे रेस्क्यू इमेज. ती लहान ठेवायला 'बिझीबॉक्स (मूलभूत लिनक्स कमांडचा एकच प्रोग्राम) स्टॅटिक, म्हणजे बाहेरच्या लायब्ररीशिवाय, बांधा, ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर) टाका, बाकी सगळं काढा' असा सल्ला दिला जातो, तो पटला. सगळं इनिट्रॅमएफएसमध्ये (कर्नलबरोबर रॅममध्ये लोड होणारी फाइलसिस्टम) असलं की रूट रॅममध्येच राहतं आणि फ्लॅश बिनधास्त पुसून लिहिता येते. पण बूट अडकलं की सीरियल केबल लावून यू-बूटच्या (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) प्रॉम्प्टवरून रेस्क्यू चालू करायचं, हे टेबलावर ठीक. आमचे टाकीची पातळी मोजणारे बोर्ड मुंबईतल्या सोसायट्यांच्या पंपरूममध्ये आहेत. भर पावसात तिथे पोहोचा, सेक्रेटरींकडून किल्ली मिळवा, मग ओल्या भिंतीला टेकून लॅपटॉप उघडा... नको रे बाबा.

त्यापेक्षा यू-बूटचा बूटकाउंट, म्हणजे बूटचे प्रयत्न मोजणारा काउंटर, वापरा. प्रत्येक रीसेटला आकडा वाढतो आणि बूटलिमिट (ठरवलेली मर्यादा) ओलांडली की नेहमीच्या बूटसीएमडी कमांडऐवजी पर्यायी ऑल्टबूटसीएमडी चालते. तिथे रेस्क्यू लावायची. आकडा शून्य करायचं काम मुख्य सिस्टमचं, पण इनिटच्या (कर्नलनंतर चालणारा पहिला प्रोग्राम) सुरुवातीलाच नको, आपलं ॲप्लिकेशन खरंच चालू झाल्यावर. कर्नल पॅनिक (न सावरता येणारी चूक) होऊन नुसता थांबला तर रीसेटच होत नाही, म्हणून बूटआर्ग्जमध्ये (कर्नलला दिलेले पर्याय) 'पॅनिक=१०' (दहा सेकंदांनी रीबूट) द्या आणि वॉचडॉग (सिस्टम अडकली की रीसेट करणारा टायमर) यू-बूटमध्येच सुरू करा. आणखी एक खोच: काउंटर एन्व्हायर्नमेंटमध्ये (फ्लॅशमध्ये साठवलेली यू-बूटची सेटिंग्ज) ठेवला असेल तर 'अपग्रेड_अव्हेलेबल' (अपडेट चालू असल्याची खूण) सेट असल्याशिवाय तो वाढतच नाही. फ्लॅशची झीज वाचते खरी, पण अपडेट नसताना इमेज बिघडली तर बोर्ड रेस्क्यूपर्यंत जाणारच नाही. चिपमध्ये रीसेटनंतर टिकणारं रजिस्टर असेल तर मी काउंटर तिथेच ठेवेन.