‘रोज २५ डॉलरमध्ये जग फिरा’ म्हणे! आधी हिशेब दाखवा

हिशेबीमांजर:
काल एका पोराची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोक्यात नुसती भुणभुण चालू आहे. “७ महिने, ११ देश, रोजचा खर्च फक्त २५ डॉलर. पैसा लागत नाही, हिंमत लागते. कारणं देणाऱ्यांनी घरीच बसावं.” खाली सूर्यास्ताचा पाठमोरा फोटो, आणि त्याखाली ‘दादा तू आमची प्रेरणा आहेस’वाल्यांची रांग.

मी कारणं देणारी नाही. ५ महिने पाठीवर सॅक टाकून फिरून आलेली बाई आहे आणि माझ्याकडे वही आहे. रोज रात्री वरच्या बंकवर डोक्याला टॉर्च लावून लिहायचे, चार कॉलम: झोप, पोट, प्रवास, इतर. लाओस आणि व्हिएतनामच्या ८ आठवड्यांत पहिल्या तीन कॉलमांची बेरीज रोजची २६ डॉलर आली, म्हणजे पोरगं खोटं बोलत नाहीये. लबाडी सगळी चौथ्या कॉलमात आहे. व्हिसाच्या फिया, प्रवास विमा, लसी, येण्याजाण्याची विमानं, चोरीला गेलेला चार्जर, हुअय साय ते लुआंग प्रबांग दोन दिवसांच्या स्लो बोटीत भिजून बुरशी धरलेले बूट, आणि एक रूट कॅनाल. हे धरलं की रोजचे ५१. दुप्पट!

आणि हिंमत हिंमत काय लावलंय? थायलंडच्या विमानतळावरचा अधिकारी हिंमत मोजत नाही, २०,००० बाथ दाखवा म्हणू शकतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर मागतात. शिवाय खिशात २५ डॉलर असणं वेगळं, आणि फोन केला की अर्ध्या तासात पैसे पाठवणारं मागे कुणीतरी असणं वेगळं. ते दुसरं पोस्टमध्ये लिहीत नाहीत.

रिकामाखिसा:
ताई, रूट कॅनाल काय प्रवासामुळे झालं का? घरी बसला असतात तर दात आपोआप बरा झाला असता? मग तो खर्च प्रवासात का धरायचा?

तुम्ही ८ आठवड्यांत दोन देश केलेत, म्हणजे पळत होतात. पैसा खातो तो वेग. मी एका गावात महिना-महिना राहतो, खोली महिन्याच्या भावानं मिळते, प्रवासाचा कॉलम जवळजवळ शून्य. लांबचं अंतर असेल तर रात्रीची स्लीपर बस, चढताना बूट पिशवीत घालून हातात देतात, आडवं व्हायचं आणि सकाळी दुसऱ्या शहरात उठायचं, एक मुक्काम वाचला. हॉस्टेलच्या (म्हणजे एकेक बेड भाड्यानं देणाऱ्या प्रवासी मुक्कामाच्या) किचनमध्ये ‘फ्री’ लिहिलेलं फडताळ असतं, जाणारे लोक अर्धी तेलाची बाटली, मीठ, पास्ता ठेवून जातात. मी आठवडा आठवडा त्यावर काढलाय. आणि सगळ्यात भारी म्हणजे हॉस्टेलमध्येच ४-५ तास काम करायचं, चादरी बदलायच्या, रिसेप्शनवर बसायचं, बेड फुकट. झोपेचा कॉलम पण गेला. मला १४ महिन्यांत सरासरी १९ पडले. वही नाहीये, पण लक्षात आहे.

हिशेबीमांजर:
“वही नाहीये, पण लक्षात आहे.” बरं. पुढे चला.

तिसरागिअर:
सॅकवाल्यांचं ठीक आहे हो, गाडीवाल्यांना कुणीतरी वाली द्या. आम्ही चौघं, ५ आठवडे, युरोपात भाड्याची गाडी, ‘चार जणांत वाटलं की ट्रेनपेक्षा स्वस्त’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून निघालो. ऐका आता. स्वित्झर्लंडच्या हायवेवर एक दिवस जायचं असो की वर्षभर, ४० फ्रँकचा वर्षाचाच स्टिकर घ्यावा लागतो, दिवसाचा मिळत नाही. गाडी दुसऱ्या देशात न्यायची तर भाड्यानं देणाऱ्याचं लेखी पत्र हवं. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर त्याचा दंडासारखा आकार वेगळा. आणि विमा ‘फुल’ म्हणतात पण तो फुल नसतो. खाली बारीक अक्षरात काच, टायर आणि गाडीचं पोट वगळलेलं असतं.

आणि इटली! तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल नावाचा भाग असतो, परवान्याशिवाय गाडी न्यायची नाही, तिथं फाटक नाही की पोलीस नाही, खांबावर कॅमेरा फक्त. फ्लोरेन्समध्ये मुक्कामाची जागा शोधत आम्ही त्याच चौकातून तीनदा गोल फिरलो. तीन फेऱ्या, तीन पावत्या. त्या आल्या ८ महिन्यांनी. मधल्या काळात गाडीवाल्यांनी पोलिसांना माझा पत्ता कळवला म्हणून कार्डावरून तीनदा ‘प्रशासकीय शुल्क’ कापलं होतं ते वेगळंच.

डोंगरवेडा:
@तिसरागिअर मुळात युरोपात गाडी घेऊन शहरात घुसलातच कशाला? गाडी मोकळ्या जागेसाठी असते. व्हॅन घ्यायची, मागे गादी टाकायची, जिथं संध्याकाळ तिथं मुक्काम. हॉटेल शून्य.

तिसरागिअर:
जिथं संध्याकाळ तिथं मुक्काम, हे गाणं फार ऐकलंय. आइसलँडमध्ये कॅम्परव्हॅन अधिकृत कॅम्पसाइटवरच लावावी लागते, नाहीतर जमीनमालकाची परवानगी. नॉर्वेत मोकळ्या माळावर कुणालाही झोपायचा हक्क आहे, तो तंबूवाल्यांना, घरापासून १५० मीटर लांब, दोन रात्री. गाडी माळावर चढवायचा हक्क कुणी दिलेला नाही. न्यूझीलंडनं तर २०२३ मध्ये नियम असा कडक केला की गाडीत पक्का बसवलेला संडास नसेल तर सेल्फ-कंटेन्डचं, म्हणजे संडास-पाण्याची सोय गाडीतच असल्याचं, सर्टिफिकेटच नाही. सीटखाली सरकवायचं प्लास्टिकचं डबडं आता चालत नाही.

आइसलँडचं निघालंच आहे तर, वाऱ्याच्या दिशेनं तोंड न करता गाडी लावली आणि दार उघडलं. हातातून गेलं राव. बिजागरीपासून उलटं, पंखासारखं. वाऱ्यानं वाकलेलं दार विम्यात बसत नाही हे मला काउंटरवरच्या मुलीनं हसत हसत सांगितलं. तिनं रोज तेच सांगितलं असणार.

डोंगरवेडा:
नियम मला पण माहितीयेत. मी १० आठवडे व्हॅनमध्ये राहिलोय, निम्म्या रात्री पैसे भरून कॅम्पसाइटवर. बाकी निम्म्या फुकटच होत्या ना? तुम्हाला दार उघडता आलं नाही म्हणून व्हॅन वाईट होत नाही.

सरळसोट:
गाड्यांचं नंतर. वर एकानं आरामात लिहून टाकलंय की हॉस्टेलमध्ये काम करा, बेड फुकट. टुरिस्ट व्हिसावर ना? ते काम आहे साहेब, ‘व्हॉलंटियरिंग’ म्हटलं म्हणून ते समाजसेवा होत नाही. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात राहायला मिळालं तरी तो मोबदलाच धरतात आणि व्हिजिटर व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्येही अडकतात लोक. माझी मैत्रीण, देशाचं नाव घेत नाही, विमानतळावर तिला बाजूला घेतलं, फोन उघडायला लावला, मेसेजमध्ये ‘सोमवारपासून रिसेप्शनवर’ सापडलं. ६ तास प्लास्टिकच्या खुर्चीवर, मग परतीचं विमान. तिकीट तिच्याच पैशानं. तुमच्या १९ डॉलरच्या सरासरीत हे कुठं बसतं?

रिकामाखिसा:
आले नियमवाले. अहो सगळे नियम पाळून कोण फिरतं? तुम्ही कधी सिग्नल तोडला नाही? मी कुणाची चोरी केली नाही. मालक खूश, मी खूश. तुमच्या मैत्रिणीला मेसेज डिलीट करता आले नाहीत त्याला मी काय करू.

सरळसोट:
हे वाक्य लिहिताना जरा तरी लाज? ती रडत होती फोनवर. आणि तुम्ही सल्ला काय देताय, पुरावा पुसा? असल्या लोकांमुळे मागून येणाऱ्या प्रत्येकाची सॅक उपसतात.

शांतपणेबोला:
दोघंही पाणी प्या. मूळ प्रश्न २५ डॉलरचा होता.

रात्रपाळी:
कधी लिहीत नाही, आज लिहिते. मी दक्षिण युरोपातल्या एका किनाऱ्यावरच्या हॉस्टेलात दोन वर्षं रात्रीच्या डेस्कवर होते, रीतसर परमिटवर, पगारी. आमच्याकडे चादरींचं काम एक बाई करायच्या, पन्नाशीच्या असतील, गावातल्याच. कडेला इलॅस्टिक असलेली ती चादर असते ना, जिची घडी कुणालाच घालता येत नाही, त्या दोन कोपरे एकमेकांत खुपसून हवेतच एक झटका द्यायच्या की चौकोनी पाट तयार. मला शिकवायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही. दुसऱ्या सीझनला मालकानं त्यांना सांगितलं की या वर्षी गरज नाही. तीन व्हॉलंटियर आले होते, फुकट. पोरं चांगली होती, गिटार वाजवायची, मला कॉफी करून द्यायची. चादरी बोळा करून कपाटात कोंबायची. बाई एकदा राहिलेला पगार न्यायला आल्या, कपाट उघडं होतं, त्यांनी आत पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

रिकामाखिसा, तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. पण तुम्ही वाचवलेला झोपेचा कॉलम दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत गेलाय.

हिशेबीमांजर:
@रात्रपाळी यावर काय लिहावं कळेना. मी पण त्याच किनाऱ्यांवर १० युरोचा बेड मिळाला म्हणून नाचले होते. तो १० युरोला का मिळतो हे कधी विचारलं नाही.

रिकामाखिसा:
झालं. आता मी बायकांचे रोजगार खाणारा झालो. मालकानं काढलं ना त्यांना, मी काढलं का? मी नसतो तर दुसरा कुणीतरी आला असता.

(मी होतो त्या जागी आधी कोण काम करायचं हे मी विचारलं नव्हतं, हे खरंय. लगेच टाळ्या वाजवू नका.)

जुनीसॅक:
तरुण मंडळींनो, आमच्या काळी हे वादच नव्हते. ट्रॅव्हलर्स चेक पोटाला बांधून निघायचो, चेकचे नंबर वेगळ्या कागदावर, कागद बुटात. घरची पत्रं मोठ्या पोस्टात ‘पोस्ट रेस्तांत’वर यायची, पासपोर्ट दाखवला की कारकून गठ्ठा काढायचा आणि आपलं पत्र नेमकं आडनावाऐवजी नावाच्या खणात असायचं. त्याआधीच्या पिढीनं तर इस्तंबूलहून काठमांडूपर्यंत रस्त्यानं प्रवास केला, १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि तो रस्ता बंद पडला. आता तुम्हाला फोनवर सगळं मिळतं तरी रडता.

तिसरागिअर:
काका, तुमच्या काळी शेंगेनचा ९०/१८० चा फास तरी होता का? कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. लोक पूर्वी दिवस संपले की क्रोएशियात जाऊन बसायचे, २०२३ पासून तो पण आत गेला. रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्ण आत. आता दिवस काढायला अल्बानिया नाहीतर जॉर्जिया, आणि तिथं जाण्यायेण्याचं तिकीट पुन्हा ‘इतर’मध्ये. स्वतःची गाडी नेणाऱ्यांचं तर विचारूच नका, इराण-पाकिस्तानसारख्या ठिकाणी कार्ने (गाडी परत बाहेर नेऊ याची हमी देणारा कस्टमचा कागद) लागतं, गाडीच्या किमतीच्या हिशेबानं हमी ठेवा, आणि बाहेर पडतानाचा शिक्का मारायचा राहिला की हमी अडकली. पनामा-कोलंबियाच्या मध्ये तर १०० किलोमीटरभर रस्ताच नाही, गाडी कंटेनरमध्ये घालून जहाजानं पाठवावी लागते. हिंमत असली तरी गाडी पोहत नाही.

जुनीसॅक:
फास नव्हता, पण प्रत्येक सीमेवर वेगळा व्हिसा होता आणि वेगळं चलन होतं. एक मात्र मान्य करतो. आम्हीही परत आल्यावर फक्त स्वस्ताईच्या गोष्टी सांगितल्या. माझ्या वडिलांनी दोनदा पैसे पाठवले होते, ते मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

डोंगरवेडा:
स्कूटरवाल्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? २५ डॉलरवाला पोरगा त्या फोटोत स्कूटरवर आहे, आणि हेल्मेट आरशाला लटकवलंय. व्हिएतनाममध्ये ५० सीसीच्या वर लायसन्स लागतं आणि इंटरनॅशनल परमिट १९६८ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातलं लागतं, १९४९ चं चालत नाही. भाड्यानं देणारा काही विचारत नाही. विचारते विमा कंपनी, पाय मोडल्यावर. माझ्या डॉर्ममधल्या एकाचं असंच झालं, एक्झॉस्टला पोटरी भाजली आणि घोटा मोडला, लायसन्स नव्हतं म्हणून क्लेम नामंजूर. त्याची रोजची सरासरी काढा आता!

सरळसोट:
हेच म्हणतोय मगापासून. नियम म्हटलं की लोकांना मी हेडमास्तर वाटतो.

रिकामाखिसा:
तुम्ही आहातच हेडमास्तर. पण स्कूटरचं मान्य. मी पण विनालायसन्स चालवलीये, काही झालं नाही म्हणून १९ डॉलर. तो मैत्रिणीबद्दलचा शेरा मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

हिशेबीमांजर:
दुपारी वही काढून बसले. रिकामाखिसा म्हणतात तसं रूट कॅनाल वगळलं, ते न्याय्य आहे, दात आधीपासून दुखत होता. बुटांचे निम्मे पैसे धरले, कारण ते अजून वापरते. ४४ आले. २५ नाही आले. त्या पोराला सभ्य भाषेत विचारलं की विमानं, विमा, व्हिसा धरलेस का बाळा. उत्तर आलं, “ताई, निगेटिव्हिटी नको” आणि एक सूर्याचा इमोजी.

शांतपणेबोला:
@तिसरागिअर एकच शंका. ते इटलीचे तीन दंड भरलेत का शेवटी?

तिसरागिअर:
भरले. ५ दिवसांत भरले तर ३० टक्के सूट असते. पत्रं आली तेव्हा आम्ही पुन्हा फिरतीवर होतो, शेजाऱ्यांनी सही करून घेऊन ठेवली होती. सहाव्या दिवशी हातात दिली.