मदत हवी आहे: आठवीतल्या मुलीला सॉफ्टबॉलसाठी लोखंडी स्पाइक (तळाला धातूची पाती असलेले बूट) घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. लेक १३ वर्षांची, यंदाच शाळेच्या सॉफ्टबॉल संघात गेली. आमच्याकडे खेळ म्हणजे फुटबॉल, तोही टीव्हीवरचा. त्यामुळे काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

शनिवारी सराव बघायला गेले होते. लेक दुसऱ्या बेसवर (पळणारीने गाठायच्या टप्प्यावर) उभी, पळत आलेली मुलगी तो गाठायला घसरत आली आणि तिचा पाय थेट लेकीच्या नडगीवर. तांबड्या मातीत रक्त पटकन दिसतही नाही. मोजा खाली केला तेव्हा तीन ओरखडे दिसले, त्यातला एक चांगला खोल. चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या मुलीच्या पायात मोठ्या बहिणीचे लोखंडी स्पाइक होते. ती बिचारी माझ्या लेकीपेक्षा जास्त रडत होती, तिला काय बोलणार?

सर म्हणाले, "खेळांत हें जातलेंच (होणारच), ताई. तुम्ही पण मेटलचेच घ्या, निवड चाचणीत पाय सरकायला नको." तिघा पालकांनी मागवलेसुद्धा. या वयात ते चालतात का? आणि खरं सांगू, बुटांपेक्षा मला दुसरंच खुपतंय. घसरायचं कसं हे या मुलींना कुणी शिकवलेलंच नाही. "पळ आणि अंग टाक", झालं शिक्षण! हे सरांना कसं सांगू? उद्या लेकीला बाकावर बसवलं तर ती माझ्याशी बोलायची नाही.

जुनी कॅचर, फोंडा

ताई, आधी टाके निघू देत, तोवर मैदान बंद.

"लोखंडी स्पाइकवर बंदी आहे" असं मात्र सरांना सांगू नका, तोंडघशी पडाल. मोठ्यांच्या खेळात ते चालतात, फक्त पाऊण इंचापेक्षा लांब नकोत. अमेरिकेतल्या यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत १२ वर्षांपर्यंतच्या गटात मनाई आहे, १४ पर्यंतच्या गटापासून मोकळीक. म्हणजे तुमची लेक नेमकी उंबरठ्यावर. ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं नियमपत्रक मागून घ्या.

पण आपल्या मैदानांवर त्यांचा उपयोग काय? ती पाती मऊ, भुसभुशीत मातीत रुतायला केलेली असतात. आपली चिऱ्याची जमीन उन्हात दगड होते, पाती आत जातच नाहीत. आणि पावसानंतर रुतली की पाय तिथेच राहतो, गुडघा पुढे जातो. जन्मभराचं दुखणं. म्हापशात, मडगावात फुटबॉलचे रबरी स्टडवाले बूट ढिगाने मिळतात, तेच घ्या.

घसरण्याबद्दल अगदी बरोबर बोललात. आम्ही शिकलो ते गवतावर ओली ताडपत्री टाकून, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. एक पाय दुमडून खाली, दुसरा पुढे, किंचित वाकवलेला, टाच जमिनीला न लागू देता. बसायचं ढुंगणावर, गुडघ्यावर नाही. हनुवटी छातीशी, हात वर. बेसच्या अगदी जवळ येऊन "घसरू की नको" करणाऱ्या मुलीच पाय मोडून घेतात.

आणि राग मानू नका, लेक उभी कुठे होती तेही विचारा. बेसच्या पुढ्यात, पळणारीच्या वाटेत पाय ठेवला की नडगी फुटायचीच. पाय बेसच्या कडेला हवा. पहिल्या बेसला तर याच धडका टाळायला जोडबेस असतो, पांढरा भाग बचाववाल्यांचा, केशरी धावणारीचा. तुमच्या शाळेत आहे का?

सत्तरीकर

सरांकडे एकट्या जाऊ नका, त्या मुलीच्या आईलाही घ्या. तक्रार म्हणून नको. "आम्ही ताडपत्री आणतो, आठवड्यातून एक दिवस फक्त घसरायला शिकवा" म्हणा. पीटीच्या सरांना सामान देणारा पालक कधीच नकोसा होत नाही, मी स्वतः शिकवतो म्हणून सांगतो. आणि सरावापुरते तरी सगळ्यांचेच लोखंडी बंद. एकटीला रबरी घालून काय फायदा, लागतं ते समोरच्याच्या बुटाने.

मूळ धागाकर्ती

खूप आभार. लेकीला विचारलं, ती बेसच्या पुढ्यातच उभी होती म्हणे, "सर तसंच उभं राहा म्हणतात". जोडबेस नाही, एक चुन्याने रंगवलेली गोणी आहे! त्या मुलीच्या आईशी बोलले, बुधवारी दोघी जातोय. ताडपत्री घरचीच आहे, पावसाळ्यात लाकडांवर घालतो ती. दोन भोकं आहेत, चालेल ना?

जुनी कॅचर, फोंडा

भोकं चालतील. अंथरण्याआधी खालचे खडे मात्र स्वतः वेचा.