'उष्णता', 'गरमी' आणि लघवीची जागा

बोळकर :
परवा वडिलांना घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. वय ७४. महिनाभर 'उष्णता झालीये' म्हणून रात्री सब्जा भिजत होता, सकाळ-संध्याकाळ चमचाभर गुलकंद चालू होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय काका?"
"उष्णतेमुळे जरा... खालच्या बाजूला."
"पायाला?"
वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शेवटी मी म्हणालो, "प्रायव्हेट पार्टला." तिघंही जन्माने पुणेकर, आणि शब्द आणला इंग्रजीतून!
तर दोन प्रश्न. शिवी वाटणार नाही आणि कोशातून उचललाय असंही वाटणार नाही, असा शब्द आहे का? आणि 'उष्णता' व 'गरमी' एकच का? आमची आजी उन्हाळ्यातसुद्धा 'गरमी' म्हणू द्यायची नाही.

जुना बाजार :
आजी बरोबर होत्या. उष्णता कोणालाही होते. तोंड येतं, डोळ्यांची आग होते. 'गरमी झाली' म्हणजे मात्र बाहेरख्यालीपणातून लागलेला रोग, कोशातला उपदंश, डॉक्टरांचा सिफिलिस. हल्ली हिंदीमुळे 'आज फार गरमी आहे' सर्रास ऐकू येतं. उकाडा म्हणा हो!
याच रोगाला सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंग' म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला. त्याच्या जोडीचा शब्द 'परमा', म्हणजे गनोरिया, लघवीच्या वाटे पू जाणं. तो आला 'प्रमेह'वरून. गंमत अशी की मूळ प्रमेह म्हणजे लघवीचे वीस प्रकारचे विकार, आणि 'मधुमेह' त्यांतलाच एक. एका भावाची बदनामी झाली, दुसरा चारचौघांत मिरवतो.
अवयवासाठी जुने वैद्य 'इंद्रिय' म्हणत. 'इंद्रियावर फोड आला' यात ना शिवी, ना संस्कृतचा पेपर.

काउंटरपलीकडून :
नारायण पेठेत मेडिकल आहे. आमच्याकडे एकच शब्द चालतो : नायटा. गिऱ्हाईक दुकानातल्या बायका जाईपर्यंत कफ सिरपच्या बाटल्या वाचत उभं राहतं, मग हळूच म्हणतं, "नायट्याची ट्यूब." कुठे म्हणून विचारलं की "जांघेत". जांघ म्हणजे नेमकं कुठपर्यंत, ते आपण समजून घ्यायचं.
आणि मागतात ती बहुतेक स्टेरॉइडवाली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश. आत नायटा पसरत असतो, आणि तिथली कातडी मुळातच पातळ, ती आणखी पातळ होते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. पुढच्या चौकात मिळते, हेही खरं.
अंडाच्या पिशवीवर खाजऱ्या गाठी, रात्री खाज जास्त आणि घरात अजून कोणी खाजवतंय, तर ती खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. एकट्याने लावून काही होत नाही.

निवृत्त डॉक्टरीणबाई :
'गोळी अंगावर उठली' हा शब्दप्रयोगही नोंदवा, फार नेमका आहे. ठरावीक वेदनाशामक किंवा प्रतिजैविक घेतलं की दर वेळी त्याच जागी, पुष्कळदा शिश्नाच्या टोकावर, गोल काळपट डाग उठतो, कधी फोडही येतो. घरात त्यावरून संशयकल्लोळ होतो, आणि गुन्हेगार असते ती गोळी. तिचं नाव पाकिटात लिहून ठेवावं.
आता 'उष्णता'. या शब्दावर माझा राग आहे. सिफिलिसचा व्रण बहुधा दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. तेवढ्यात माणसाने सब्जा प्यायलेला असतो, म्हणून तो म्हणतो, उष्णता उतरली. रोग रक्तात तसाच राहतो आणि पुढे मेंदू, हृदयापर्यंत जाऊ शकतो. वेळीच गेलात तर साधी रक्ततपासणी आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन एवढ्याने निभावतं. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात अशा रोगांचा विभाग आहे. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी फुकट होते, कोणी पंचनामा करत नाही.
डॉक्टरांना अवयवाचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल, बोट दाखवा. पण जे उठलंय त्याचं नाव नीट सांगा. पुटकुळ्यांचा झुपका, आग होणारा आणि पुन्हापुन्हा येणारा, म्हणजे बहुधा हर्पीस. चामखिळीसारखं वाढत जाणारं वेगळं. कातडी पांढरी पडून आवळत चालली असेल तर ते वेगळं. आणि तरुण मुलांना टोकाच्या कडेने मोहरीहून बारीक दाण्यांची ओळ दिसते, ती काहीच नाही. जन्मभर राहिली तरी बिघडत नाही. ती घालवायला चामखिळीचं औषध लावून भाजून घेतलेला कॉलेजातला मुलगा मी पाहिलाय.
दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा गाठ कोणत्याही वयात दाखवाच, कॅन्सर नाही ना ते बघावं लागतं. मागे ओढलेली कातडी पुढे येईना, टोक सुजलं, तर त्याच दिवशी. मधुमेह्याला तिथे सूज, असह्य दुखणं, काळेपणा आणि ताप, तर रात्री दोनलासुद्धा रिक्षा काढा.

बोळकर :
सगळ्यांचे आभार. वडिलांना पुढच्या कातडीला उभ्या चिरा पडल्या होत्या, आत पांढरट थर. डॉक्टरांनी बघितलं आणि मलम लिहायच्या आधी बोटाला सुई टोचली. साखर २६८. बुरशी त्या साखरेवर पोसली होती. म्हणजे 'जुना बाजार' यांचा चारचौघांत मिरवणारा भाऊच निघाला.
दुसऱ्या खेपेला वडील स्वतःच म्हणाले, "इंद्रियाच्या चिरा भरल्यात." डॉक्टर तिशीचे, ते क्षणभर गोंधळले.
सब्जा चालू ठेवलाय. गुलकंदाची बरणी आईने शेजारी देऊन टाकली.