औषध कंपनीने दान द्यावं की भाव उतरवावा?

वाटसरू: ऑक्टोबर २०१६ मध्ये फायझर न्यूमोनियाच्या लशीचे दहा लाख डोस फुकट द्यायला तयार होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेने ते नाकारले. त्यांचं म्हणणं एकच, मुलामागे पाच डॉलरला लस द्या. मला हे शंभर टक्के पटतं. दान कुणाला, किती आणि कधीपर्यंत, हे देणाराच ठरवतो. नकारानंतर पुढच्याच महिन्यात फायझरने मदत संस्थांसाठी भाव उतरवला.

रानजाई: मुलाला तीन डोस धरले तरी तीन लाखांहून जास्त मुलं झाली. तत्त्वासाठी त्यांना ताटकळत ठेवायचं? मला नाही पटत.
आणि दान अर्ध्यावर सुटतंच असं कुठे आहे? नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे येणाऱ्या अंधत्वावर आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितकं, लागेल तोवर फुकट देऊ, असं मर्क या कंपनीने १९८७ मध्ये जाहीर केलं. ते आजही चालू आहे. गोळ्या वजनाप्रमाणे द्यायच्या, पण आफ्रिकेतल्या खेड्यांत वजनकाटा कुठून आणणार? गावातलाच स्वयंसेवक खुणा केलेली काठी रोवतो, माणसाला शेजारी उभं करतो आणि डोकं ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या हातावर ठेवतो. २०१३ मध्ये कोलंबिया या रोगातून मुक्त झाला. ज्यांच्याकडे द्यायला छदामही नाही, त्यांना भाव उतरवून काय मिळणार होतं?

वाटसरू: मर्कचं काम मोठंच आहे. पण तेच औषध जनावरांसाठी विकून कंपनी आधीच भरपूर कमावत होती, म्हणून ते झेपलं. एड्सचं बघा. वर्षाच्या औषधांना माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’लाच ती ३५० डॉलरला देऊ केली. रीतसर विक्री होती ती, आणि तिनेच सगळ्यांचे भाव खाली आणले.

पुणेरी नर्स: सिप्लाचंच नाव निघालं म्हणून लिहिते. पुण्यात वारज्याला त्यांच्या फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा विनामूल्य करतं. चिघळलेली जखम धुणं, वेदना आटोक्यात ठेवणं, घरच्यांना ड्रेसिंग शिकवणं, याला माणसं लागतात, वेळ लागतो. गोळी कितीही स्वस्त झाली तरी हे काम उरतंच.

वाटसरू: ताई, ते केंद्र हवंच, त्यावर वादच नाही. माझा आक्षेप कायद्यावर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, पण नेहमीचा धंदा त्यात धरत नाहीत. शाळेला बाक दिले की ते हिशेबात येतात. कॅन्सरच्या गोळीचा भाव निम्मा केला तर तो येत नाही. औषध कंपन्यांपुरता तरी हा नियम बदलायला हवा.