देवीची लस खरंच लागू पडली का? जुने आकडे कसे वाचायचे?

रंकाळाकाठ
संस्थानी काळातल्या वार्षिक अहवालांतून किती जणांच्या देवी काढल्या (म्हणजे लस टोचली) आणि देवीनं किती दगावले, हे उतरवून घेतोय. दोन्ही एकाच आलेखावर मांडायचा विचार आहे. पण ज्या वर्षी लसीकरण जास्त, त्याच वर्षी मृत्यूही जास्त निघाले तर त्याचा अर्थ काय लावायचा? शिवाय चर्चेत हमखास दोन मुद्दे येतात: इंग्लंडात सक्ती असूनही १८७१-७२ ची साथ आली, आणि तिथल्याच लेस्टर शहरानं लस नाकारून देवी आटोक्यात ठेवली. "रोग स्वच्छतेनं गेला, लसीनं नव्हे" म्हणणाऱ्यांना आकड्यांनी काय उत्तर देता येतं?

मोडीवाचक
आधी आलेखाचं. साथ आली की लोक देवी काढून घ्यायला धावतात, म्हणून दोन्ही रेघा एकदम चढतात. त्यातून लस निकामी होती हेही ठरत नाही आणि कामाची होती हेही नाही. एकूण आकड्यांच्या आलेखावर वाद घालणं सोडाच.

दुसरं, ऋतू. देवीचा जोर आपल्याकडे फाल्गुन ते वैशाख, पावसाळ्यात ओसरती. आषाढात कोल्हापूरच्या टेंबलाई देवीला नवं पाणी जातं तेव्हा साथ तशीही उताराला लागलेली असायची. एप्रिलमधली मोहीम "यशस्वी" दाखवून जुलैचे आकडे पुढे केले असतील तर ते श्रेय पावसाचं. म्हणून मार्चची तुलना मार्चशीच करा.

तिसरं म्हणजे "देवी काढल्या" या रकान्याचा अर्थ. सुईनं ओरखडा काढला म्हणजे लस लागली असं नसतं. लागली तर तीन-चार दिवसांत पुटकुळी, आठवड्याभरात पाणी भरलेला फोड, मग पू, आणि तिसऱ्या आठवड्यात खपली पडून खोल वण राहतो. सहाव्या ते आठव्या दिवशी हात पाहिला नसेल तर ती नोंद निव्वळ ओरखड्याची. उन्हाळ्यात पातळ लस काही दिवसांत मरायची. गोठवून वाळवलेली लस ३७ अंशांत महिनाभर टिकू लागली ती १९५० च्या दशकात. त्यात जखम चिघळली तरी वण राहतो, आणि नोंदणाऱ्याला तोही लसीचाच वाटतो.

मृत्यूच्या बाजूलाही घोळ आहे. खेड्यातून आलेल्या नोंदीत गोवर, कांजिण्या सरसकट देवीत जायच्या.

साथगणित
सहमत, पण एवढ्यानं स्वच्छतावाल्यांचं समाधान होणार नाही. त्यांना वय दाखवा. लसीपूर्वी देवी हा मुख्यतः मुलांचा रोग. तान्ह्या मुलांना लस सुरू झाली आणि फेरलस नव्हती, तिथं मृत्यू हळूहळू मोठ्यांकडे सरकले. गटारं सुधारली म्हणून रोग पाच वर्षांच्या पोराला सोडून पंचवीस वर्षांच्या बापाला धरत नाही. देवी श्वासातून आणि अंगाजवळच्या कपड्यांतून पसरायची, पिण्याच्या पाण्यातून नाही.

१८७१-७२ चं उत्तर यातच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये दोन वर्षांत सुमारे ४२,००० मृत्यू झाले, कारण सक्ती फक्त तान्ह्यांची होती आणि लस शोधणाऱ्या जेन्नरचा दावा काहीही असला तरी संरक्षण जन्मभर पुरत नाही. प्रशियात (जर्मनीतलं मोठं राज्य) सैनिकांना भरतीवेळी फेरलस १८३४ पासून होती. त्या साथीत सैन्याला मार कमी, नागरिकांना जबर. मग जर्मनीनं १८७४ च्या कायद्यानं तान्हेपणी एक आणि बाराव्या वर्षी दुसरी अशी सक्ती केली आणि मोठ्या साथी तिथंच थांबल्या.

सगळ्यात भक्कम पुरावा एकाच साथीत, एकाच घरात राहणाऱ्यांचा. मद्रासच्या अभ्यासात घरातल्या लस न घेतलेल्या संपर्कातल्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना देवी आल्या, लसवाल्यांपैकी एक टक्क्याच्या आसपास. घर, पाणी, अन्न एकच.

मोडीवाचक
मद्रासच्याच रुग्णालयाचे सुमारे ७,००० रुग्णांचे आकडेही आहेत: लस नसलेल्यांत मृत्यू ३५ टक्के, वण असलेल्यांत ६ टक्के. पण हे जपून वापरा. अंगभर फोड एकमेकांत मिसळले की जुना वण दिसेनासा होतो, आणि मेलेला लसवाला "लस नाही"मध्ये जातो. त्यानं लसीचा फायदा फुगतो. शिवाय लस नसलेल्यांत तान्ही मुलं जास्त, आणि ती तशीही जास्त दगावतात. वयाचे गट पाडल्याशिवाय हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकू नका, समोरचा तयारीचा असेल तर उलटेल.

साथगणित
बरोबर. म्हणून वण आजारापूर्वी तपासलेला असेल, तेच आकडे खरे.

लेस्टरचं: तिथं नुसती स्वच्छता नव्हती. रुग्णाची तातडीनं नोंद, इस्पितळात अलग, संपर्कातल्यांना वेगळं, कपड्यांचं निर्जंतुकीकरण. इस्पितळातले कर्मचारी मात्र बहुतेक लस घेतलेले. त्यातून इतकंच ठरतं की अलगीकरण जबरदस्त काम करतं. भारतानं पुढं तेच लसीला जोडलं. १९७४ मध्ये देशात १,८८,००३ रुग्ण होते, सर्वाधिक बिहारात. घरोघर शोध आणि रुग्णाभोवतीच्या घरांना लस हे नेटानं चाललं, आणि मे १९७५ नंतर एकही नाही. गटारं त्या वर्षभरात बदलली नव्हती.

रंकाळाकाठ
विषय हार्ड. मग अहवालांतून नक्की काय उतरवू?

मोडीवाचक
एकूण बेरीज नको. एक वर्षाखालच्या मृत्यूंचा रकाना वेगळा असेल तर तो, दहा वर्षांवरच्यांचा वेगळा. प्रत्येक वर्षी "यशस्वी" आणि "तपासले नाहीत" हे दोन्ही आकडे. एखाद्या गावाची साथीची घरवार यादी सापडली तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच आधी उतरवा. आणि फोड यायच्या आदल्या बारा दिवसांत ज्यांच्या देवी काढल्या ते वेगळे ठेवा. त्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला असू शकतो.