महिन्यातून एकदा टेप सोडली की झालं?

पाणाड्या२: जमिनीत मुरलेलं दूषित पाणी बोअरने उपसताना भूजलाची पातळी कशी मोजायची, यावरच्या टेपबहाद्दरांच्या कालच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून राहवलं नाही: "तीन बोअर, एक टेप, महिन्याला एक रीडिंग. लॉगर म्हणजे बिल फुगवणं." (लॉगर म्हणजे बोअरमध्ये टांगलेलं, दाबावरून पातळी सतत नोंदवणारं यंत्र.) अहो, अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात अणुभट्ट्यांच्या पाण्यातलं सोडियम डायक्रोमेट हे विषारी रसायन जमिनीत मुरलं, ते उपसणारे बोअर कोलंबिया नदीलगत आहेत. वरच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणातून वीजनिर्मितीप्रमाणे पाणी सुटतं, नदी दिवसात चढते-उतरते आणि काठाशी भूजलाचा उतारच, म्हणजे वाहण्याची दिशाच, उलटते. तुमचं रीडिंग चढत्या पाण्याचं की उतरत्या?

टेपबहाद्दर: पेट्रोल पंपाच्या गळतीला कोलंबिया कशाला? आणि लॉगर काय धुतल्या तांदळाचा आहे? सीलबंद लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो; हवेचा दाब १० हेक्टोपास्कल वाढला की तो १० सेंमी पाणी चढल्याचं दाखवतो.

पाणाड्या२: म्हणून साइटवर एक बॅरोलॉगर (फक्त हवेचा दाब नोंदवणारा) हवेत टांगतात आणि त्याचं रीडिंग वजा करतात. टेंडरात तोच खोडला जातो. टेपचं ऐका आता: उतार हजारात एक, बोअर १०० मीटरवर, म्हणजे फरक जेमतेम १० सेंमी. केसिंगच्या (बोअरच्या नळीच्या) कडेला कुठून मोजायचं त्याची खूण नाही, कड तिरकी. आज या बाजूने टेप, पुढल्या खेपेला त्या बाजूने. २ सेंमी इथेच गेले.

टेपबहाद्दर: खूण करायला करवत लागते, लॉगर नाही!

कातळ: पेट्रोल पंप म्हणताय, मग वरचा थर कोण मोजणार? ६० सेंमी पेट्रोल तरंगत असेल, घनता ०.७५, तर खालचं पाणी ४५ सेंमी दबलेलं असतं. साध्या टेपने हे कळत नाही, इंटरफेस प्रोब (तेल कुठे संपतं, पाणी कुठे लागतं ते ओळखणारा) लागतो. जाडी गुणिले घनता पाण्याच्या पातळीत मिळवा, मगच नकाशावर समपातळी रेषा (सारख्या पातळीची ठिकाणं जोडणाऱ्या) काढा.

टेपबहाद्दर: बरं, प्रोब घ्या. तेवढं मान्य. खूश?

कातळ: नाही. उपसा चालू असलेल्या बोअरची पातळी नकाशात घालता ना? स्क्रीनमधून (नळीच्या जाळीतून) आत येताना पाणी जास्तच खाली जातं, बाहेरच्या मातीत तेवढी घट नसते. नकाशावर खड्डा खोल दिसतो, सगळं दूषित पाणी पंपाकडे येतंय असं वाटतं. शेजारी २-३ मीटरवर पिझोमीटर (फक्त पातळी मोजायचा बारीक बोअर) टाका. पंप किती रुंद पट्ट्यातलं पाणी ओढतो तेही पडताळा: उपसा दिवसाला १०० घनमीटर, पारगम्यता (माती पाणी किती सहज वाहू देते) दिवसाला १० मीटर, थर १० मीटर, उतार ०.००५; उपशाला या तिघांच्या गुणाकाराने भागा, उताराच्या वरच्या बाजूला लांबवर पट्टा २०० मीटर, पण बोअरच्या रेषेत फक्त १००.

पाणाड्या२: आणि हे एकजिनसी वाळूत. बेसाल्टच्या भेगांत तुमच्या तीन बोअरच्या पातळ्यांवरून दिशा काढायचा त्रिकोण निव्वळ भूमितीचा तास.

टेपबहाद्दर: मग तिथे लॉगर तरी काय सांगणार?

कातळ: तिथे ट्रेसर सोडा, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारा, पुढे ओळखता येणारा पदार्थ.