फुग्यावरचा कंदील: दोन बैठका लागतातच
सेंट मार्टिन या ख्रिस्ती संताच्या सणाला, ११ नोव्हेंबरला, जर्मनीत मुलं अंधार पडल्यावर कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणूक काढतात. 'हे कंदील मुलं एका तासात करतात' असं म्हटलं जातं, ते पुठ्ठ्याच्या कंदिलांपुरतं खरं आहे. जर्मन-इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीला फुग्यावर कागद चिकटवून होणारा कंदील करायला द्यायचा असेल, तर ११ नोव्हेंबरच्या निदान आठवडाभर आधी सुरुवात करा. फुग्याच्या पाऊण भागावर पतंगी कागदाचे तुकडे खळीने लावायचे, तीन-चार थर, आणि पुरते दोन दिवस टांगून वाळवायचे. घाई नडते ती इथेच. आतला थर ओला असताना फुगा फोडला की आक्रसणारं रबर कागदाला आत ओढतं आणि गोळा चेपतो. वाळल्यावरही टाचणी खुपसू नका. गाठीजवळ बारीक छेद देऊन हवा हळूहळू सोडा, म्हणजे रबर अलगद सुटतं.

काठाला आतून दोन सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी हवीच, कंदील टांगायची तार तिच्यातूनच ओवायची. नुसत्या कागदात ओवलेली तार चालताना हिसक्याने तो फाडते, आणि रडणाऱ्या मुलाला अंधारात दुसरा कंदील कुठून देणार? दिवा बॅटरीचाच. गाण्यांचे कागद मात्र वाटू नका, काळोखात ते वाचता येत नाहीत. दोन्ही भाषांतलं एकेक कडवं तोंडपाठ करून घ्या.